थळघाट, बोरघाट आणि दोन केबल्स

सर्व्हरच्या मागे दोन नेटवर्क केबल्स लावायच्या आणि त्याला सांगायचं, बाबा रे, या दोन नाहीत, ही एकच जाडजूड केबल आहे असं समज. आमच्या धंद्यात याला बाँडिंग म्हणतात. कुणी टीमिंग म्हणतं, कुणी ट्रंकिंग. नावं बरीच आहेत, वस्तू एकच. फायदे दोन सांगतात. एक, काम दोन केबल्समध्ये वाटलं जातं. दोन, एक केबल तुटली तरी दुसरी आहेच. विकणारा माणूस हे दोन्ही फायदे एका दमात सांगतो, घेणारा मान डोलावतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

घरच्या मंडळींना माझं काम समजावून सांगणं हा एक कठीण प्रकार असतो. पण हा विषय मात्र घोटीच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर कळावा. भाताच्या गिरण्यांचं आपलं गाव, इगतपुरी ओलांडली की लगेच येणारं. घाट बंद म्हणजे काय हे इथे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मुंबईहून लोकलने कसाऱ्यापर्यंत यायचं आणि पुढे गाडी नाही म्हटल्यावर स्टेशनबाहेर जीपवाल्यांच्या गर्दीत घुसायचं, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांनी केलेलं आहे. आमच्या भाषेत याला फेलओव्हर म्हणतात. फक्त तुम्ही त्याचे पैसे वेगळे मोजता :-)

तर आज सर्व्हरची गोष्ट रेल्वेपासून सांगतो. थोडी लांबेल.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतच पाठ झालेलं असतं. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. कल्याणहून मात्र जीआयपी रेल्वेने दोन फाटे काढले. एक आग्नेयेला, बोरघाट चढून पुण्याकडे. दुसरा ईशान्येला, थळघाट चढून नाशिक आणि खानदेशाकडे. आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तोच हा थळघाट. दोन्ही घाटांच्या कामावर मुख्य इंजिनिअर होता जेम्स बर्कली, आणि तो १८६२ मध्येच वारला. बोरघाट सुरू झाला एप्रिल १८६३ मध्ये आणि इगतपुरीपर्यंतचा थळघाट १८६५ च्या आरंभी. आयुष्य ज्या दोन घाटांवर घालवलं त्यातला एकही त्याने गाडीतून चढलेला नाही.

बोरघाट व्हायच्या आधी काय करायचे लोक? खाली खोपोलीपर्यंत गाडी १८५६ मध्येच आली होती, वर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधला डोंगर पालखीतून, घोड्यावरून नाहीतर पायी. म्हणजे कसाऱ्याच्या जीपवाल्यांची परंपरा बरीच जुनी म्हणायची.

आता नकाशा डोळ्यापुढे आणा. मुंबईहून दख्खनच्या पठारावर चढायला १८६५ नंतर दोन लोहमार्ग होते. कुणालाही वाटेल, वा, एक बंद पडला तर दुसरा आहे. पण तसं नव्हतं. जुलै १८६७ मध्ये, भर पावसाळ्यात, बोरघाटातला दगडी कमानींचा एक मोठा पूल कोसळला. त्या वेळी थळघाट धडधाकट होता. इगतपुरी, नाशिक, मनमाड, पार भुसावळपर्यंत रूळ पडले होते. पण पुण्याला जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. थळघाट चढून मनमाडला आलात तरी तिथून पुण्याच्या रेल्वेला जाऊन मिळणारी वाटच नव्हती. दोन रेघा कल्याणला फुटल्या आणि वर जाऊन एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. पुलाची बातमी ऐकून मनमाडच्या स्टेशनमास्तराला हळहळण्यापलीकडे काही करता आलं नसतं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन वाटा असणं वेगळं आणि दोन वाटा जोडलेल्या असणं वेगळं. सर्व्हरला नुसत्या दोन केबल्स लावून दोघींना वेगवेगळे पत्ते दिले की १८६७ सालची जीआयपी तयार होते. एक तुटली की तिच्या पत्त्यावर येणारी माणसं दारातच उभी राहतात, शेजारची केबल मोकळी असली तरी.

हा सांधा जुळला १८७८ मध्ये. दौंड-मनमाड रेल्वे. सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग, कंपनीचा नव्हे, सरकारने बांधलेला. तोपर्यंत थळघाटाची रेघ जबलपूरमार्गे कलकत्त्याच्या रेल्वेला (१८७०) आणि बोरघाटाची रेघ रायचूरमार्गे मद्रासच्या रेल्वेला (१८७१) जाऊन मिळाली होती. म्हणजे उत्तरेचा माल दक्षिणेत न्यायचा तर मनमाडहून थळघाट उतरून कल्याणला यायचं आणि बोरघाट चढून पुन्हा पठारावर जायचं! वर असलेल्या माणसाने शेजारच्या गच्चीवर जायला जिना उतरून दुसरा जिना चढावा तसं. १८७६ ते ७८ ही महादुष्काळाची वर्षं, आणि नगर-सोलापूरचा मुलूख त्यात होरपळत होता. या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी कामाचे मजूर राबले. मनमाड ते दौंड प्रवासात मला नेहमी ते आठवतात. त्या भरावावरून आज किती गाड्या जातात, आणि तो भराव घालणाऱ्यांना त्या दिवशीची भाकरी मिळावी एवढाच त्याचा अर्थ होता.

तो सांधा बांधला गेला मालाचा हेलपाटा वाचावा म्हणून. पण त्याने आणखी एक गोष्ट आपोआप झाली. बोरघाट बंद पडला तर पुण्यापलीकडची गाडी कल्याण-इगतपुरी-मनमाड-दौंड अशी फिरवता येऊ लागली. २०१९ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर बोरघाटात दरडींनी धुमाकूळ घातला तेव्हा लांब पल्ल्याच्या काही गाड्या अशाच आपल्या घोटीवरून फिरवल्या होत्या. हा सांधा शंभरावर वर्षं एकेरीच राहिला, दुहेरीकरण अगदी अलीकडचं. फेलओव्हरची वाट मुख्य वाटेपेक्षा अरुंद असणं ही काही फक्त रेल्वेची खोड नाही, पण त्यावर पुढे.

आता सर्व्हरकडे. इथेही कथा तशीच घडली आहे, एका कामासाठी बांधलं आणि दुसऱ्या कामाला आलं.

नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत कल्पना नावाची एक कंपनी होती. हो, कल्पना! संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, त्यांच्या पत्नीचं हे नाव. इथरनेट स्विच नावाचा डबा बाजारात पहिल्यांदा आणला तो या कंपनीने, १९९० मध्ये. दोन स्विचमध्ये अनेक केबल्स टाकून त्यांना एक समजायचं, ही इथरचॅनेल नावाची युक्तीही तिचीच. १९९४ मध्ये सिस्कोने कंपनी विकत घेतली आणि कल्पना हे नाव हळूहळू विसरलं गेलं. रोज इथरचॅनेल जोडणाऱ्या आपल्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

त्याच १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर या दोघांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक जोडून एक स्वस्त महासंगणक बनवला. त्याला बेओवुल्फ म्हणत. ४८६ जातीचे प्रोसेसर, लिनक्स आणि १० मेगाबिटचं इथरनेट. अडचण अशी आली की प्रोसेसर पुढे धावायचे आणि नेटवर्क मागे रेंगाळायचं. जलद नेटवर्क महाग होतं. तेव्हा प्रत्येक संगणकात दोन कार्डं घातली आणि एक पाकीट या केबलने, पुढचं त्या केबलने असं आळीपाळीने सोडायला सुरुवात केली. लिनक्समधल्या बाँडिंगचा उगम हा. त्यामागे केबल तुटण्याची भीती नव्हती, भार वाटायचा होता. केबल तुटली तर दुसरीवर सरकायचं, हे त्यात नंतर आलं. २००० मध्ये आयईईईने याचं प्रमाण ठरवलं, ८०२.३एडी या नावाने, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांशी बोलू लागले. दोन्ही टोकं अधूनमधून निरोप पाठवून खात्री करतात, की तू ज्यांना एक समजतोस त्यांनाच मीही एक समजतोय ना. हे दोन्हीकडून कबूल असावं लागतं. नाहीतर पुन्हा मनमाड आहे आणि दौंड आहे, मधलं काही नाही.

आळीपाळीच्या पद्धतीत एक खोट निघाली. दोन केबल्सचा वेग तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे पाकिटं मागेपुढे पोहोचतात, आणि घेणाऱ्याला वाटतं मधलं हरवलं, पुन्हा पाठवा. म्हणून आज बहुतेक ठिकाणी एक संभाषण एकाच केबलवर ठेवतात. पत्त्यांवरून हिशेब करून ठरतं की हा अमुक केबलने जाणार, आणि तो शेवटपर्यंत त्याच केबलने जातो. घाटात तरी दुसरं काय होतं? कसारा ते इगतपुरी तीन रूळमार्ग आहेत, अप, डाऊन आणि मधला. पण म्हणून एका मालगाडीचे निम्मे डबे एका मार्गाने आणि निम्मे दुसऱ्याने कुणी चढवत नाही. अख्खी गाडी एकाच मार्गाने जाते. तीन मार्गांमुळे दिवसाला जास्त गाड्या चढतात, एखादी गाडी तिप्पट वेगाने चढत नाही. "दोन केबल्स लावल्या तरी माझी एक मोठी फाईल पूर्वीइतक्याच वेळात का जाते?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. उत्तर कसाऱ्याला उभं राहून पाहावं.

तिथे उभे आहात तर आणखी एक बघा. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यामुळे गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडल्याशिवाय ती चढत नाही. मार्ग मोकळा असला आणि बँकर नसला तर गाडी कसाऱ्यालाच उभी. सर्व्हरला चार केबल्स जोडून आतली डिस्क जुनीच ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यासाठी एवढं पुरे.

आता ती गोम. भार वाटणं आणि आधाराला दुसरी वाट असणं, ही दोन कामं एकाच जोडीकडून करून घ्यायची तर ती एकमेकांच्या मुळावर येतात. हिशेब साधा आहे. एक-एक गिगाबिटच्या दोन केबल्स आहेत. सुरुवातीला दोघींवर तीनशे-तीनशे मेगाबिट. एक तुटली, सहाशे दुसरीवर, कुणाला कळलंही नाही. सगळे खूश. वर्षभरात काम वाढतं, दोघींवर सातशे-सातशे. आलेख हिरवा दिसतो, कारण प्रत्येकीत अजून जागा आहे. पण आता एक तुटली तर चौदाशेचा लोंढा हजाराच्या केबलवर येणार. म्हणजे आधाराची वाट कधी संपली ते कुणाला कळलंच नाही. ती कुणी चोरली नाही, आपणच रोज थोडी थोडी वापरून टाकली. घरात अडीअडचणीला ठेवलेला डबा आणि रोजच्या खर्चाचा डबा एक केला की हेच होतं. तीन केबल्स असल्या तर गणित जरा बरं, प्रत्येकीवर साठ टक्के भार असताना एक गेली तरी उरलेल्या दोघी कशाबशा ओढून नेतात. घाटात तिसरा मार्ग असण्याचं मोल तिथे कळतं. एकावर काम निघालं तरी गाड्या रखडत का होईना चालू राहतात.

माझं मत विचाराल तर (कुणी विचारत नाही, म्हणून तर ब्लॉग!) दोन केबल्स असतील तर एकच चालवावी आणि दुसरी नुसती जागी ठेवावी. लिनक्समध्ये तशी सोय आहे. मालकाला ते पैसे वाया घालवल्यासारखं वाटतं. मोकळी केबल दिसली की त्याचा जीव वर-खाली होतो. पण मोकळी आहे म्हणूनच ती आधाराची आहे.

दुसरा प्रश्न, वाट बंद पडली हे कळणार कसं? सर्वात सोपा उपाय म्हणजे केबलच्या टोकाचा दिवा. दिवा आहे, म्हणजे केबल चालू. लिनक्स हे सेकंदाला दहा वेळासुद्धा तपासू शकतं. पण दिवा सांगतो तो फक्त पलीकडच्या डब्यापर्यंतचा निरोप. डब्याच्या पुढे रस्ता खचलेला असला तरी दिवा हिरवाच. म्हणून दुसरी पद्धत आहे, पलीकडच्या एखाद्या पत्त्याला दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि ओ येते का ते ऐकायचं. पावसाळ्यात घाटात रात्री कंदील-टॉर्च घेऊन रुळांवरून चालणारे गस्तीवाले असतात ना, त्यांचं काम हेच. सिग्नल हिरवा आहे हे त्यांना पुरत नाही. दरड आली आहे का, खडी वाहून गेली आहे का, हे पायाने चालत जाऊनच कळतं. पावसाची संततधार, दोन्हीकडे बोगद्याचा काळोख, आणि हा माणूस चालतोय, सकाळी पंचवटीने मुंबईला जाणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. सर्व्हरच्या हाकेला असला त्रास नाही, तरीही लोक ती चालू करायचा कंटाळा करतात.

तिसरा प्रश्न सर्वात वाईट. दोन्ही वाटा एकाच वेळी गेल्या तर?

नाशिकच्या एका कार्यालयात (नाव राहू दे) मला बोलावलं होतं. दोन केबल्स, बाँडिंग उत्तम केलेलं, तरी सगळं बंद. दोन्ही केबल्स एकाच स्विचमध्ये, स्विचची वायर भिंतीवरच्या एकाच पट्टीत, आणि त्या पट्टीतून कुणीतरी ती उपसून पाण्याचा कूलर लावला होता. रेल्वेत ही जागा कल्याणची. दोन घाट वर वेगळे, पण २६ जुलै २००५ ला मुंबई आणि ठाण्याकडचा भागच पाण्याखाली गेला, तेव्हा कुठला घाट चालू आहे हे विचारण्यात काही अर्थ उरला नव्हता.

समुद्रातही हेच. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल्स तुटल्या. मालक वेगळे, नावं वेगळी, पण वाट एकच, सुवेझची. भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रांगत होतं. त्या वेळी लिहिणाऱ्यांना आठवत असेल, एक पोस्ट टाकायला किती वेळ लागायचा ते.

आणि २१ जुलै २०२१ ची रात्र. कसारा परिसरात पाऊस असा कोसळला की उंबरमाळी स्टेशनात पाणी फलाटावर आलं. कसारा घाटात दरडी आल्या, रुळाखालची खडी वाहून गेली. त्याच रात्री बोरघाटातही दरडी आल्या. सकाळी टिटवाळा ते इगतपुरी बंद, अंबरनाथ ते लोणावळा बंद. मुंबईहून पठारावर चढणाऱ्या दोन्ही वाटा एकदम गेल्या, आणि १८७८ चा सांधा वर नुसताच शाबूत होता. कोकण रेल्वेने जावं म्हणाल तर चिपळूणला वाशिष्ठी चढलेली. वेगळे मार्ग खरे, पण पाऊस एकच, सह्याद्री एकच. अशा वेळी उपयोगी पडते ती वसई-सुरत-जळगाव वाट, कारण ती हा डोंगर चढतच नाही. लांबची आहे, पण तिचं नशीब वेगळं आहे.

रस्त्याचं बघा. कसारा घाटात जुना आणि नवा असे दोन रस्ते, एक चढायला, एक उतरायला. एकाचं काम निघालं की दोन्हीकडची वाहतूक दुसऱ्यात कोंबतात आणि मग तासन् तास बसा. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, त्यात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट न चढता वर यायची वाट आपल्या भागाला पहिल्यांदा मिळाली. बोगद्यात दरड नाही. रेल्वेला मात्र अजून तेच दोन घाट आहेत.

इंटरनेटची फायबरही याच वाटांनी जाते, रुळांच्या कडेने आणि रस्त्यांच्या कडेने. गेल्या वर्षी घोटीतल्या एका ओळखीच्या गिरणीवाल्याला दोन कंपन्यांच्या लाईन घ्यायच्या होत्या, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. मी त्याला सांगितलं, दर विचारायच्या आधी दोघांना एकच विचार, तुमची फायबर घाट कुठून उतरते? पहिला म्हणाला, हायवेच्या कडेने. दुसऱ्याने आधी फोन करून माहिती घेतली आणि मग ठासून सांगितलं, हायवेच्या कडेनेच, पण साहेब, दुसऱ्या बाजूने.